चिपी की मोपा? दक्षिण कोकणातील प्रवाशासाठी तुलना

सिंधुदुर्ग जिल्ह्यात विमानाने यायचे तर दोन पर्याय आहेत : वेंगुर्ले तालुक्यातील चिपी-परुळ्याचा विमानतळ आणि गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा. या दोन्हींमधील सरळ रेषेतले अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते. मात्र कुडाळमार्गे रस्त्याने ते ७० किलोमीटरच्या आसपास जाते आणि त्याला दीड ते दोन तास लागतात. कुडाळ ते चिपी हा तुकडा लहान असूनही वेळखाऊ आहे, कारण पाट-परुळ्याचा रस्ता अरुंद, वळणांचा आणि वाड्यांमधून जाणारा आहे. उलट, झारापपासून पत्रादेवीपर्यंतचा चौपदरी महामार्ग आणि पुढे धारगळहून मोप्याला नेणारा जोडरस्ता या दोन्हींवर गाडी सलग वेगाने जाते. म्हणून येथे किलोमीटरपेक्षा मिनिटे मोजलेली बरी.

ज्यांचे गाव परुळे, म्हापण, भोगवे किंवा पाट परिसरात आहे, त्यांना चिपी अगदी दारातच आहे. मालवणकरांना कर्ली खाडीचा वळसा घ्यावा लागत असला, तरी चिपीचे अंतर ३० किलोमीटरच्या आसपास आणि वेळ तासाभराचा आहे. मोप्याला त्यांना दोन तास धरावे लागतात. कुडाळहून चिपी सुमारे २५ आणि मोपा सुमारे ५० किलोमीटर आहे, पण वेळेतला फरक पंधरा-वीस मिनिटांवर येतो. सावंतवाडी, बांदा आणि दोडामार्ग या भागांसाठी मोपाच जवळचे असून तिथे चिपीचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

खरा प्रश्न विमानाच्या भरवशाचा आहे. चिपीचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. धावपट्टी अडीच किलोमीटरची असूनही नियमित सेवा मुख्यतः सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानांची राहिली, आणि लहान शहरांच्या विमानसेवेला सरकारी अर्थसाहाय्य देणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेतील तीन वर्षांची मुदत संपल्यावर २०२४ मध्ये मुंबईची सेवा बंद पडली. ज्या जिल्ह्याचे निम्मे घरदार मुंबईत आहे, त्याच्या दृष्टीने ही मोठी उणीव होती. मोप्यावरून ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली आणि तेथे देशातील अनेक शहरांची विमाने रोज उतरतात. एक विमान चुकले किंवा रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे मिळण्याची शक्यता मोप्याला असते. चिपीला अनेकदा पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

पावसाळ्यात हा फरक अधिक जाणवतो. दोन्ही विमानतळ सड्यावर, म्हणजे उंचावरील कातळपठारावर, असल्याने धुके आणि ढग खाली येतात, परंतु ज्या ठिकाणी फेऱ्या मोजक्या, तेथे एक रद्द फेरीही सगळा बेत कोलमडून टाकते.

म्हणून मालवण-परुळे पट्ट्यातील प्रवाशाने आपल्या तारखेला चिपीची थेट सेवा आहे का, हे आधी पाहावे आणि असल्यास तीच घ्यावी. विशेषतः सोबत वयस्कर माणसे असतील तर कमी रस्ता फार मोलाचा ठरतो. लग्न, मुलाखत किंवा परदेशी विमान गाठायचे असेल, तर कुडाळकरांनीही मोपा धरावे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचा बेत असेल, तर मधे किमान पाच तास ठेवावेत. चतुर्थीच्या दिवसांत महामार्गावरील गर्दी पाहता त्याहूनही अधिक.