न्यूट्रल रंगांचा हॉल: काही महिने वापरल्यावर, आणि एक बल्ब बदलल्यावर

हॉलच्या छतातला एक बल्ब गेला, तेवढ्याच वॅटचा दुसरा लावला, आणि त्याच संध्याकाळपासून सोफ्यामागची भिंत हिरवट दिसायला लागली. रंग तोच, भिंत तीच. यावरून रंग पुरवणाऱ्यांशी जो वाद झाला, त्यामुळेच हे इतकं सविस्तर लिहितेय. ऑफ व्हाइट, बेज आणि ग्रेज (बेज आणि करड्याच्या मधला रंग) यांतला फरक, मुख्य, दुय्यम आणि उठावाच्या रंगाचं साठ-तीस-दहा प्रमाण वगैरे तुम्ही वाचलेलं असणारच, त्यात शिरत नाही.

आमच्याकडची मांडणी अशी: चारही भिंतींना एकच ग्रेज, मॅट म्हणजे बिनचमकीच्या फिनिशमध्ये. छत पांढरं, सोफा मिश्र धाग्यांच्या जाड विणीचा, पडदे क्रीम, गालिचा करडा, लाकूड त्याच्या मूळ रंगाचं. ग्रेजचा एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचं माप, 60 च्या आसपास. हा आकडा शेडकार्डवर असतो: 0 म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, 100 म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. साठीतली शेड खोली उजळ ठेवते आणि भर दुपारीही डोळ्यांवर येत नाही. या बाबतीत पूर्ण समाधान आहे.

आता बल्ब. शेजारचा जुना आणि हा नवा, दोन्ही वॉर्म म्हणजे पिवळसर उजेडाचे, दोन्हींच्या खोक्यावर 3000 केल्विन. तरी संध्याकाळी दिवे लावले की भिंतीवर उजेडाचे दोन पट्टे शेजारी शेजारी दिसत. एक उबदार करडा, दुसरा शेवाळाची झाक असलेला. कोऱ्या कागदाची कड भिंतीला टेकवून बघितली तर फरक आणखी उघड झाला. जुन्या बल्बखाली कागद आणि भिंत एकाच घराण्यातले वाटत होते, नव्याखाली कागदही किंचित हिरवा आणि भिंत तर आजारी.

मी तक्रार केली. माणूस आला भर दुपारी, दिवे बंद असताना. खिडकीच्या उजेडात भिंत बघून म्हणाला, ठीक तर आहे. दिवे लावून दाखवले तेव्हा म्हणाला, ओल असेल. ओल नव्हती, भिंत कोरडी ठणठणीत. मग सल्ला मिळाला की दुसरी शेड घ्या, माझ्या खर्चाने, आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली. चार भिंती पुन्हा रंगवायच्या, एका बल्बपायी! बल्ब कोणता आहे, हे एकाही माणसाने विचारलं नाही. रंग विकणाऱ्यांना ही माहिती नसेल तर ते चूक आहे, आणि असूनही विचारत नसतील तर त्याहून चूक.

कारण सरळ आहे. केल्विनचा आकडा प्रकाश पिवळसर की निळसर एवढंच सांगतो. तो हिरव्याकडे कलतो की गुलाबीकडे, हे त्या आकड्यात येत नाही. त्यामुळे 3000 केल्विनचे दोन बल्ब वेगळे दिसू शकतात. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, कमाल 100. माझा नवा बल्ब 80 वाला निघाला, जुना 90 च्या वरचा. तरीही खोक्यावरचा सीआरआय हा आठ फिकट रंगनमुन्यांच्या सरासरीवर काढतात, गडद लाल त्यात धरलेला नसतो. म्हणून चांगल्या आकड्यावरही पूर्ण विसंबू नका, एकच बल्ब आणून आपल्या भिंतीवर लावून बघा.

गडद निळ्या किंवा तांबड्या भिंतीवर एवढ्याने फारसं बिघडत नाही. ग्रेजमध्ये बिघडतं, कारण पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्या ऑक्साइडचा, तांबड्या ऑक्साइडचा आणि काळ्याचा थोडा थोडा अंश घालून तो तयार होतो. तिघांचा तोल अगदी नाजूक. प्रकाश जरा बदलला की तोल एका बाजूला झुकतो, आणि करड्याच्या जवळचे बदल आपला डोळा फार चटकन पकडतो. शिवाय भिंतीचा आणि पडद्याचा रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेला, त्यामुळे दिवसा जुळलेली जोडी रात्री फुटू शकते. माझ्याकडे ती फुटली, क्रीम पडदे नव्या बल्बखाली पिवळे पडल्यासारखे दिसायचे.

शेजारच्या रंगाचा परिणाम वेगळाच. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. त्याला आढळलं की दोष धाग्यात नाही, शेजारच्या रंगात आहे. 1839 साली त्याने हे सविस्तर मांडलं. न्यूट्रल हॉलमध्ये हे रोज दिसतं: सोफ्यावर तांबूस उशी ठेवली की मागची भिंत थंड आणि हिरवट वाटते, उशी उचलली की परत जागेवर. नमुना बघताना मोठ्या बोर्डावर रंगाचे दोन हात द्या, वाळू द्या, आणि सोफ्याच्या कापडाशेजारी धरून रात्री बघा. शेडकार्डवरच्या चौकोनावर ठरवू नका.

मॅट फिनिशबद्दल माझं मत या काही महिन्यांत बदललंय. सुरुवातीला मी त्याच्या प्रेमात होते. भिंतीचे चढउतार लपतात, दिव्याची तिरीप चमकत नाही, रंग मखमली दिसतो. आता स्विचबोर्डभोवती बघा: हात लागून लागून तिथे तळव्याएवढा चकाकता डाग झालाय. मळ नाही, पुसून जात नाही. मॅटमध्ये भुकटी जास्त आणि बांधणारं रेझीन कमी असतं, पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत असतो म्हणून तो मॅट दिसतो. घासून ती खरखर सपाट झाली की चकाकी येते. ओल्या फडक्याने पुसलं तर ती वाढते. सोफ्यामागे डोकी टेकतात तिथेही तेच. टचअप केला तर ठिगळ दिसतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्यावी लागते. छताला मॅट जरूर द्या. माणसांचा वावर असलेल्या भिंतींना अगदी किंचित चमकेचं एगशेल किंवा मंद चमकेचं सॅटिन द्या, मात्र आधी पुट्टी नीट घासून घ्या, कारण चमक भिंतीचे खाचखळगे दाखवते.

सोफ्याने मात्र खूश केलं. फिकट सोफा म्हणजे रोजची डोकेदुखी, असं सगळ्यांनी बजावलं होतं. तो भीतीपेक्षा खूपच मळखाऊ निघाला! कारण त्याच्या विणीत एकच रंग नाही: पांढरट, राखाडी आणि मातकट धागे एकत्र आहेत, बारीक डाग त्यात हरवतो. सपाट एकरंगी क्रीम घेतला असता तर नक्की पस्तावले असते. कापड घेताना मार्टिंडेलचा आकडा विचारा, घासणीला ते किती टिकतं ते त्यावरून कळतं. रोजच्या वापराला 25,000 किंवा वर असेल तर बिनघोर घ्या. लेबलावर सफाईचं अक्षरही असतं: डब्ल्यू असेल तर पाण्याने साफ होतं, एस असेल तर फक्त सॉल्व्हंटने. एस वाला मी घरात घेणारच नाही. आणि नवी गडद जीन्स घालून फिकट सोफ्यावर बसू देऊ नका, निळा उतरतो आणि सहजी जात नाही.

पडदे आणि गालिचा, दोन्ही ठीक. गालिच्याची वीण भिंतीपेक्षा खूपच जाडीभरडी आहे आणि तेच बरं झालं. रंग कमी असले की खोलीतला जिवंतपणा पोतातूनच येतो. सगळं गुळगुळीत घेतलं तर हॉल दवाखान्याच्या प्रतीक्षालयासारखा वाटतो.

पुन्हा हेच करायचं तर खरेदीचा क्रम उलटा ठेवीन: आधी बल्ब, मग सोफ्याचं कापड, सगळ्यात शेवटी भिंतीचा रंग. रंगाच्या हजार शेड मिळतात, मनासारखं कापड महत्प्रयासाने मिळतं. ज्यांच्या हॉलमध्ये वेगवेगळ्या खोक्यांतले, वेगवेगळ्या वयाचे बल्ब आहेत आणि ते बदलायची तयारी नाही, त्यांनी ग्रेजच्या वाटेला जाऊ नये. सरळ स्पष्ट रंग घ्यावा.

भिंती मी पुन्हा रंगवल्या नाहीत. छतातले सगळे बल्ब एकाच बॅचचे, 90 च्या वर सीआरआयचे लावले, आणि हिरवटपणा त्याच संध्याकाळी गेला. त्याच बॅचचे जादा बल्ब आणि टिंटिंगचं, म्हणजे शेडच्या मिश्रणाचं, लेबल शाबूत असलेला रंगाचा डबा, दोन्ही कपाटात ठेवलंय. तक्रारीच्या अर्जात ‘बल्ब कोणता आहे’ हा रकाना घाला असं पुरवठादाराला लेखी कळवलंय, उत्तर अजून आलेलं नाही.