चंद्रावर माणूस की यंत्र?
जुलै 1969 मध्ये अपोलो 11 चा संगणक यानाला शिळांनी भरलेल्या विवराकडे नेत असल्याचे दिसताच नील आर्मस्ट्राँग यांनी नियंत्रण हाती घेतले आणि इंधन संपत आले असताना यान मोकळ्या जागी उतरवले. अपोलोच्या सहा यशस्वी मोहिमांनी सुमारे 382 किलो दगडमाती आणली. 1970 मधील सोव्हिएत लुना 16 या मानवरहित यानाने आणलेली माती मात्र जेमतेम 101 ग्रॅम होती. तरीही यंत्राला प्राणवायू लागत नाही, परतीची हमीही द्यावी लागत नाही, आणि उतरण्याची सुरक्षित जागा ते आता स्वतः निवडू शकते, हे 2023 मध्ये चंद्रयान 3 ने दाखवले. त्यामुळे ध्रुवांवरील कायम अंधाऱ्या विवरांतील बर्फाचा शोध आधी यंत्रांवरच सोपवावा. नेमका कोणता दगड उचलायचा, हे ठरवायला मात्र भूवैज्ञानिकच हवा.