वाइल्ड वाइल्ड वेस्ट : कृष्णधवल पर्वापासून सुरुवात करावी की रंगीत?

विल स्मिथचा १९९९चा सिनेमा पाहून ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेविषयी मत बनवलं असेल, तर ते बाजूला ठेवा. त्यात अवाढव्य यांत्रिक कोळी आहे, पैसा पाण्यासारखा ओतलाय, पण दोन्ही नायक सतत एकमेकांवर कुरघोडी करत राहतात. मूळ मालिकेचा जीव नेमका उलट ठिकाणी आहे. जेम्स वेस्ट एकटा शत्रूच्या गोटात शिरतो, कारण तिथल्या गर्दीत कुठेतरी वेषांतर करून त्याचा जोडीदार आर्टेमस गॉर्डन उभा असणार याची त्याला खात्री असते.

मालिका अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर १९६५ ते १९६९ अशी चार पर्वं चालली. भाग १०४. काळ १८७०च्या दशकाचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचे दोन हेर, त्यांची स्वतःची आगगाडी, बाहीतून सटकन हातात येणारं पिस्तूल, बुटाच्या टाचेत दडवलेली स्फोटकं. बॉन्डची लाट जोरात असताना मालिकेचे निर्माते मायकेल गॅरिसन यांनी तो हेर घोड्यावर बसवला. प्रश्न एवढाच, की शिरायचं कुठून?

पहिलं पर्व कृष्णधवल आहे, २८ भागांचं. माझा कौल यालाच. इथे सावल्या काम करतात. ‘द नाइट ऑफ द पपेटियर’मध्ये माणसाच्या उंचीच्या, वाफेवर चालणाऱ्या कठपुतळ्या आहेत, रंगात त्या खेळणी वाटल्या असत्या, इथे अंगावर काटा येतो. आणि डॉक्टर मिगेलितो लव्हलेस! मायकेल डन यांनी हा बुटका, बुद्धिमान, दुखावलेला खलनायक असा उभा केलाय की त्याचा राग आपल्याला समजतो. स्पेनच्या राजवटीत घराण्याला मिळालेली जमीन हिरावली गेली, म्हणून हा माणूस अर्धं कॅलिफोर्निया मागतो. शेजारी राक्षसी देहाचा व्होल्टेअर, म्हणजे पुढे बॉन्डपटात ‘जॉज’ झालेले रिचर्ड कील. मधेच लव्हलेस त्याच्या साथीदार अँटोइनेटबरोबर गाणं म्हणतो, आणि दोन मिनिटं आपण त्याचे गुन्हे विसरतो. सिनेमातल्या लव्हलेसला असा एकही क्षण मिळालेला नाही.

दुसऱ्या पर्वापासून रंग आले. गॅरिसन ऑगस्ट १९६६ मध्ये अपघातात गेले, तरी त्यांनी मोकळी सोडलेली कल्पना या पर्वात सुसाट धावते. ‘द नाइट ऑफ द रेव्हन’मध्ये लव्हलेस वेस्टला अगदी इवलासा करून टाकतो, दुसऱ्या एका भागात माणसं चित्रांच्या आत शिरतात. घरातली मुलं सोबत बसणार असतील तर इथूनच सुरू करा, त्यांना कृष्णधवलचा कंटाळा येण्याची शक्यता आहे. अभिनेत्री ॲग्नेस मूरहेड यांना एमी हा टीव्ही पुरस्कार मिळवून देणारा ‘द नाइट ऑफ द व्हिशस व्हॅलेंटाइन’ही याच पर्वातला. पण भीती मात्र पातळ झालेली आहे.

तिसरं पर्व हाणामारीसाठी बघा. वेस्ट साकारणारे रॉबर्ट कॉनराड स्वतःच्या करामती स्वतः करायचे, आणि ते दिसतं. जानेवारी १९६८ मध्ये झुंबरावरून झेप घेताना ते डोक्यावर आपटले. एवढा धोका पत्करलेल्या माणसाची मारामारी कापाकापी करून बनवलेल्या मारामारीपेक्षा वेगळी वाटणारच.

चौथ्याबद्दल थोडं सावध राहा. आर्टेमस साकारणारे रॉस मार्टिन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि बऱ्याच भागांत आर्टेमसच्या जागी दुसरे जोडीदार येतात. चार्ल्स एडमन यांचा जेरेमी पाइक चांगला आहे, तरी वेषांतराची ती मजा नाही. पुढे टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध वातावरण तापलं आणि प्रेक्षक असूनही मालिका बंद झाली.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर पहिल्या पर्वातला ‘द नाइट द विझर्ड शूक द अर्थ’ लावा, लव्हलेस पहिल्यांदा येतो तो. खोलीतला दिवा मालवून. आणि सुरुवातीचं चौकटींमधलं ॲनिमेशन पुढे ढकलू नका: प्रत्येक जाहिरातीच्या आधी थिजलेलं दृश्य त्यातल्याच एकेका चौकटीत जाऊन बसतं.