नवं म्हणून जुनं सीपॅप मशीन गळ्यात मारलं, आणि रिपोर्ट भलत्याच माणसाचे

झोपेत श्वास थांबू नये म्हणून जे सीपॅप मशीन लावून झोपायचं, त्यातच कुणी फसवलं तर ते कळायला फार वेळ जातो. आपण झोपलेले असतो आणि सकाळी विक्रेता जो कागद हातात देईल तोच खरा मानावा लागतो. माझ्या बाबतीत तो कागदही खोटा निघाला. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकला राहते, माध्यमिक शाळेत शिकवते. पन्नाशी जवळ आली तशी सकाळी उठल्या उठल्या डोकं जड व्हायला लागलं आणि दुपारच्या तासाला फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळे मिटायला लागले. थायरॉइड तपासून झालं, हिमोग्लोबिन झालं, ‘या वयात बायकांना असं होतंच’ हेही ऐकून झालं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी माझ्या यजमानांना विचारलं, “या घोरतात का? घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो का?” ते म्हणाले, “होतो, आणि मग दचकून श्वास घेते. मी घाबरून हलवतो तिला.” इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार, म्हणजे स्लीप अॅप्निया, बायकांमध्ये असाच मागे राहतो.

स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी झाली. एएचआय ३६ आला. म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी ३६ वेळा श्वास किमान दहा सेकंद बंद पडत होता किंवा अगदी मंद होत होता. हा आकडा पाचच्या आत असावा लागतो, तीसच्या वर गेला की आजार तीव्र समजतात. डॉक्टरांनी ऑटो सीपॅप लिहून दिलं, दाब ६ ते १४. साधं सीपॅप घसा मिटू नये म्हणून रात्रभर मास्कमधून एकाच दाबाने हवा सोडतं. ऑटो मात्र श्वास बघून दाब कमीजास्त करतं, कारण माणूस पाठीवर वळला की घसा जास्त मिटतो आणि कुशीवर असला की कमी दाबात भागतं. किमतीत दोघांमध्ये चांगलाच फरक असतो.

विक्रेता ओळखीतून मिळाला. घरी आला, बोलायला गोड, मास्क लावायचा कसा ते दोनदोनदा दाखवलं. खोक्याचं सील उघडं होतं. विचारलं तर म्हणाला, “सेटिंग करावं लागतं ना ताई, म्हणून दुकानातच उघडलं.” सेटिंग खरंच करावं लागतं, त्यामुळे त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. बिलावर ‘रेस्पिरेटरी इक्विपमेंट, १ नग’ एवढंच. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. रक्कम साठ हजारांच्या घरात. आणि जाताना म्हणाला, “तुम्ही कशालाच हात लावू नका. मशीनमध्ये एक कार्ड असतं, ते मी महिन्याला येऊन नेईन आणि रिपोर्ट काढून आणून देईन.” त्याचे पैसे वेगळे.

सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती, म्हणून या कार्डाबद्दल आधी सांगते. मशीनच्या बाजूला एका झाकणामागे कॅमेऱ्यात असतं तसंच एसडी कार्ड असतं. आपला श्वास, दाब, मास्कमधून गळणारी हवा, श्वास कधी आणि किती सेकंद थांबला, हे सगळं रात्रभर त्यावर लिहिलं जातं. ही माझ्या शरीराची नोंद आहे. रक्ताचा रिपोर्ट जसा पेशंटचा, तशी ही नोंदही पेशंटची. ती बघायला विक्रेत्याची परवानगी लागत नाही, आणि बघितल्याने मशीन बिघडत नाही.

रिपोर्ट यायला लागले ते अगदी बघण्यासारखे. एएचआय १.९, एकदा २.३. गळती जवळजवळ शून्य, रोजचा वापर सात तासांच्या वर. आणि मी मात्र सकाळी तशीच जड डोक्याने उठत होते. मी त्याला सांगितलं, तो म्हणाला, “ताई, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, आकडे बघा ना किती छान आहेत.” आकडे छान आहेत हे ऐकून घरातल्यांनाही वाटायला लागलं की मी उगाच कुरकुर करते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग याचा येतो. पैसे गेले ते गेले, पण माझं दुखणं माझ्याच घरात खोटं ठरलं.

सत्य बाहेर आलं ते एका लग्नामुळे. चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न येवल्याला होतं, तिथे मुक्काम झाला आणि मशीन घरीच राहिलं. पुढच्या रिपोर्टमध्ये त्या रात्रीसमोर वापर ७ तास ४० मिनिटं, एएचआय १.६! मशीन घरात बंद, मी येवल्याला, आणि कागद म्हणतो मी मास्क लावून शांत झोपले होते.

रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मशीनचा सिरियल नंबर छापलेला असतो. मी मशीन उलटं केलं, चष्मा लावला आणि तळाच्या लेबलावरचा नंबर एकेक आकडा करून ताडून पाहिला. जुळला नाही. आधीचे कागद काढले. त्या सगळ्यांवर एकच नंबर होता, पण तो माझ्या मशीनचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा तरी चांगला चाललेला उपचार माझं नाव घालून मला विकला जात होता.

माझा भाचा कॉम्प्युटरमधला. त्याने ‘ऑस्कर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं. सीपॅपची कार्डं वाचण्यासाठीच ते बनवलेलं आहे. सगळ्या कंपन्यांची कार्डं त्यात वाचता येत नाहीत, माझ्या मशीनचं आलं. कार्ड लॅपटॉपला लावण्याआधी त्याच्या कडेची छोटी पट्टी सरकवून कुलूप करायचं, म्हणजे कॉम्प्युटर त्यावर काही लिहीत नाही आणि परत मशीनमध्ये घातल्यावर अडचण येत नाही. पडद्यावर माझीच रात्र उघडली. दाबाची रेघ संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ८ वर सरळ आडवी. ऑटो मशीनची रेघ वरखाली होते, ही जागची हललीच नव्हती. खाली श्वासाची रेघ, लाटा येताहेत, येताहेत, मग सपाट, वीस-पंचवीस सेकंद काहीच नाही, आणि मग एकदम उंच उसळी. यजमान सांगायचे तो दचकून घेतलेला श्वास तो हाच. एएचआय १९. मशीनची मोटर चालत होती, हवा येत होती, पण उपचार अर्धाच होत होता.

ऑस्करमध्ये मॉडेलचं नावही दिसतं. ते साध्या सीपॅपचं होतं. त्या कंपनीच्या दोन्ही मॉडेलांचा साचा सारखाच, फरक फक्त वर लिहिलेल्या नावाचा. नीट बघितलं तर ते नाव खरवडून वर नवं चिकटवलेलं. मग माहितीच्या मेनूत जाऊन मशीन आजवर एकूण किती तास चाललं ते पाहिलं. ६,४०० च्या वर! रोज आठ तास धरले तरी वर्षाला तीन हजारही भरत नाहीत, आणि माझा स्वतःचा वापर काही महिन्यांचा. पेशंटची नोंद पुसता येते, पण माझ्या मशीनमध्ये मोटरचे एकूण तास तसेच राहिले होते. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर सिरियल नंबर सांगितला, तर हे मशीन २०२१ मध्ये विकलेलं आणि वॉरंटी संपलेली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांचा यात दोष नाही. उलट त्यांनी ही माहिती लेखी दिली.

२०२१ म्हणजे कोविडची दुसरी लाट. तेव्हा सीपॅप, बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळेल त्या भावाने घरोघरी घेतले गेले आणि नंतर पडून राहिले. त्यातली मशीनं पुसून, नवी नळी आणि नवा मास्क लावून बाजारात येतात. जुनं मशीन जुनं म्हणून कमी किमतीत विकलं तर घेणारा विचार करून घेईल. तरीही त्यात एक धोका आहेच. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप मशीनं जगभरातून परत बोलावली होती, कारण आवाज कमी करायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. माझं मशीन त्यातलं नव्हतं, पण सिरियल नंबर नसलेलं बिल घेऊन बसलेल्याला हे तपासता तरी कसं येणार?

मास्कचंही तसंच. हॉस्पिटलच्या व्हेंटिलेटरसाठी बनलेले काही मास्क बंद असतात, उच्छ्वास बाहेर सोडणारी छिद्रं त्यांना नसतात, कारण तिथे ते काम मशीनच्या बाजूने होतं. असा मास्क घरच्या सीपॅपच्या साध्या नळीला लावला तर सोडलेली हवाच पुन्हा आत जाते आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. हे जिवावर बेतू शकतं. मास्कच्या पुढच्या भागावर किंवा नळी जोडतो त्या कोपरासारख्या वाकड्या जोडावर बारीक छिद्रांची रांग दिसली पाहिजे, आणि मशीन चालू असताना तिथून हवा हाताला लागली पाहिजे. माझा मास्क बरा निघाला, पण हे तपासायचं असतं हे विक्रेत्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा आधी ‘प्रिंटिंगची चूक’, मग ‘ऑफिसातल्या पोराने घोळ केला’, मग ‘बदलून देतो ताई, कुठे बोलू नका’. बदलून काय देणार ते लिहून द्या म्हटल्यावर फोन उचलणं बंद.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोस्टाने नोटीस पाठवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क लागत नाही, आणि स्वतःची बाजू वकिलाशिवायही मांडता येते. अन्न व औषध प्रशासनालाही पत्र दिलं. वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्याकडे औषधविक्रीचा परवाना नसेल तर एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र लागतं. त्या माणसाने ते मला कधी दाखवलं नाही आणि नोटिशीला उत्तरही दिलं नाही. पुरावा म्हणून कामी आला तो कार्डाचा पूर्ण उतारा, तळाच्या लेबलाचा आणि एकूण तासांच्या पडद्याचा फोटो, आणि लग्नाच्या रात्रीचा तो रिपोर्ट.

आता कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं मशीन वापरते. सील डॉक्टरांच्या समोर फोडलं, बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घेतला, तास शून्यावर असल्याचा फोटो काढला. दर आठवड्याला कार्ड मीच बघते. दाब मात्र मनाने बदलत नाही. श्वास घसा मिटून थांबतो तसा काही वेळा मेंदूकडून इशाराच न आल्यानेही थांबतो, आणि अशा वेळी दाब वाढवल्याने बरं वाटण्याऐवजी त्रास वाढू शकतो. म्हणून आलेख घेऊन डॉक्टरांकडे जाते. त्यांनी खालचा दाब ६ वरून ७ केला, मास्क एक आकार लहान घ्यायला सांगितला. आता एएचआय तीनच्या आसपास असतो आणि दुपारच्या तासाला मी जागी असते.

आयोगात विक्रेत्याचं म्हणणं अजून यायचं आहे. त्याने ज्याचे रिपोर्ट मला दिले तो माणूस कोण, हे मला माहीत नाही, पण त्याची माहितीही त्याच्या नकळत वापरली गेली आहे. तुमच्याकडे महिन्याला कार्ड नेणारा कुणी असेल तर आजच मशीन उलटं करून नंबर वाचा आणि शेवटच्या रिपोर्टवरचा नंबर शेजारी ठेवा. जुळला नाही तर त्या माणसाला फोन करण्याआधी कार्डाचा उतारा काढून ठेवा.