मुद्रितशोधकाच्या टेबलावरचा गेमिंग मॉनिटर

मॉनिटर आणून तिसरा दिवस होता. एका कादंबरीची प्रुफं बघत होते. दोन पानं शेजारी शेजारी दिसावीत म्हणून आकार थोडा कमी केला होता. डावीकडच्या पानावर, वरून सातव्या ओळीत ‘त्यांचा’ दिसलं. वाक्य एका लहान मुलाबद्दलचं, म्हणजे तिथे ‘त्याचा’च हवं. खूण केली आणि पान वर सरकवलं. शब्द वर गेला, अनुस्वार होता तिथेच राहिला. पडद्यावरचा एक पिक्सेल मेलेला होता.

या मॉनिटरवर एक पिक्सेल साधारण पाव मिलिमीटरचा असतो. खेळणाऱ्याच्या नजरेला तो कधी येणार नाही. मला मात्र एवढासा ठिपका पुरतो, कारण मराठीत तो वचन बदलतो. ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. त्यातून १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं जुनं पुस्तक पुन्हा छापायचं असेल, तर न उच्चारले जाणारे सगळे अनुस्वार एकेक करून काढायचे असतात. म्हणून हे परीक्षण गेमिंगच्या मॉनिटरचं असलं तरी मी ते ठिपक्यांच्या बाजूने लिहिते आहे. तशी बाजू मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नव्हती.

मी पुण्यात राहते. मुद्रितशोधन आणि पानं लावणं ही दोन्ही कामं १९ वर्षं घरूनच करते आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला खेळायला चांगला कॉम्प्युटर हवा होता, आणि माझा जुना दिवाळी अंकांच्या मोसमात दर तासाला अडकून बसायचा. दोन मशीन घेण्यापेक्षा एकच नीट घ्यायचं ठरलं. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि ३२ जीबी रॅम. कार्ड त्याने निवडलं, रॅमचा आग्रह माझा होता. विंडोजवर दोघांची वेगळी खाती आहेत. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा टेबल माझं, जेवणं झाल्यावर अकरापर्यंत त्याचं.

मॉनिटर २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा, आयपीएस जातीच्या पडद्याचा आणि १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा आहे. याच मापाचे आणि याच जातीचे पडदे बऱ्याच कंपन्या विकतात. मी जातीबद्दल बोलते आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधीचा मॉनिटर २४ इंची फुल एचडी होता. त्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, यावर १०९. आकडे वाचून फार फरक वाटत नाही, पण १२ पॉइंटचं अक्षर छापील आकारात पाहिलं की जुन्या पडद्यावर त्याच्या वाट्याला १५ पिक्सेलची उंची यायची, आता १८ येतात. रोमन अक्षराला १५ पुरतात. आपल्या अक्षराला त्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा दुसरा मजला, हे सगळं बसवायचं असतं. ‘उद्ध्वस्त’ या शब्दात काय घडतं ते जुन्या पडद्यावर मी सवयीने ओळखायची, आता ते दिसतं. ‘वाङ्मय’मधला ङ आहे की चुकून ड पडला आहे, हे पाहायला पान दुप्पट मोठं करावं लागायचं. ते थांबलं. ‘कर्मांत’सारख्या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर येतात. तिथे दोन्ही वेगळे दिसले तेव्हा मला खरंच आनंद झाला.

दुसरा फायदा मापाचा. हा पडदा सुमारे ५९७ मिलिमीटर रुंद आणि ३३६ मिलिमीटर उंच आहे. ए-फोर पान २१० बाय २९७चं. म्हणजे दोन ए-फोर पानं खऱ्या आकारात शेजारी शेजारी उभी राहतात आणि वर-खाली प्रोग्रॅमच्या पट्ट्यांनाही थोडी जागा उरते. २४ इंची पडद्याची उंचीच २९६ मिलिमीटरच्या आसपास असते, तिथे ए-फोर कधीच पूर्ण बसत नव्हतं. अंकाचं डावं-उजवं पान एका नजरेत बघून समास जुळवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात सुखाचं काम आहे, आणि ते आता छापून न घेता होतं.

मग ४के का नाही? अक्षरांसाठी तो याहून चांगलाच. पण त्यात ८३ लाख पिक्सेल असतात, यात ३७ लाख. तेवढे सगळे खेळात वेगाने रंगवणं आमच्या कार्डाला झेपलं नसतं, आणि टेबल दोघांचं आहे.

१४४ हर्ट्झचं मला आधी काहीच वाटत नव्हतं. ६० हर्ट्झवर चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४वर ६.९ मिलिसेकंदांनी. मुलगा म्हणाला, “आई, हे तुझ्यासाठी नाही.” तसं नाही. लांब फाईल खाली सरकवताना अक्षरं आता कमी पुसट होतात आणि पान चालू असतानाही ओळ वाचता येते. दिवसाला शंभरेक पानं नजरेखालून जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी याचा फरक कळतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पहिले तीन आठवडे आमचा मॉनिटर ६०वरच चालत होता. खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यातच राहिली होती आणि आम्ही जुनीच एचडीएमआय केबल लावली होती. केबल बदलल्यावरही विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हा आकडा हाताने निवडावा लागला. घेतल्या दिवशीच हे तपासा.

आता टेबल. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. तयार मिळणारी बरीच टेबलं दोन फूट किंवा त्याहून कमी खोल असतात. मॉनिटरचं स्टँडच त्यातलं दहा इंच खातं, आणि २७ इंची पडदा चेहऱ्यावर येतो. आम्ही सुताराकडून पाच फूट बाय अडीच फुटांचं करून घेतलं. १९ मिलिमीटरचं प्लायवूड आणि वर बिनचकाकीचं सनमायका. चकचकीत पांढरं सुंदर दिसतं, पण त्यात ट्यूबलाइट दिसते आणि ती दिवसभर डोळ्यांत जाते. प्लायवूडच घ्या. मॉनिटरचा आर्म, म्हणजे स्टँडऐवजी पडदा धरून ठेवणारा हलता दांडा, टेबलाच्या कडेला शिकंज्यासारखा आवळतात. भुशाच्या बोर्डावर तो दाबाने हळूहळू रुतत जातो.

इथे आमची एक चूक झाली. मजबुतीसाठी सुताराने मागच्या कडेखाली दोन इंची लाकडी पट्टी मारली होती, आणि आर्मचा शिकंजा तिथे बसेना. पट्टी एक वीत कापून घ्यावी लागली. आधी आर्म आणा, तो सुताराला दाखवा, मग टेबल करा. भिंतीपासूनही चार बोटं जागा सोडा. आर्मचा कोपर मागे जातो आणि वायरींनाही वाट लागते.

आर्ममुळेच हे टेबल दोघांना वापरता येतं. मी पाच फूट एक इंच, मुलगा पाच फूट दहा. संध्याकाळी तो पडदा एका हाताने वर आणि थोडा लांब ढकलतो, सकाळी मी खाली ओढते. पहिल्या दिवशी पडदा आपोआप वर जात होता. आर्ममधल्या स्प्रिंगचा ताण पडद्याच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करायचा असतो, सोबत आलेल्या पान्याने पाच मिनिटांत झालं. खुर्ची मात्र त्याच्या-माझ्यात वर-खाली होते आणि माझे पाय अधांतरी राहतात. त्यासाठी घरातला जुना पाट टेबलाखाली ठेवला आहे. इतका बरोबर उंचीचा फुटरेस्ट मला दुकानात दिसला नाही.

कीबोर्डवर आमचं बराच काळ जमत नव्हतं. त्याला निळ्या स्विचचा टकटक वाजणारा हवा होता. पण हॉलला लागूनच्या खोलीत माझ्या सासूबाई झोपतात आणि त्यांची झोप हलकी आहे. शेवटी लाल स्विचचा घेतला. तो सरळ खाली जातो, मध्ये खटका नाही, आवाजही कमी. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळमांडणीवर टाइप करते. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. एफवर ऱ्हस्व वेलांटी, जेवर र, आणि हलन्त डीवर. मराठीत डाव्या हाताचं मधलं बोट या हलन्तासाठी किती राबतं ते टाइप करणाऱ्यालाच माहीत. मऊ कळीचा हाताला आराम आहे. लाल स्विचवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं, म्हणून पहिल्या आठवड्यात माझ्या चुका वाढल्या होत्या, नंतर सवय झाली. कळांवर मराठी अक्षरं नाहीत आणि आता लागतही नाहीत. मागचे रंगीत दिवे रात्री बंद असतात, तेही सासूबाईंसाठी.

यूपीएसबद्दल थोडक्यात. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. जुना ६०० व्हीएचा यूपीएस होता, त्याचे खरे वॅट ३६०. माझ्या कामाला तो पुरायचा. रात्री खेळ चालू असताना वीज गेली की कॉम्प्युटर तत्क्षणी बंद. कार्ड एकटंच १७० वॅटपर्यंत खातं. शिवाय स्वस्त यूपीएसमधून येणारी वीज पायऱ्यापायऱ्यांची असते आणि काही नव्या पॉवर सप्लायना ती चालत नाही. शुद्ध साइन वेव्हचा १००० व्हीए घेतल्यावर त्रास गेला. फाईल जतन करून नीट बंद करण्याएवढी मिनिटं मिळतात, त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका.

रंगांचं म्हणाल तर माझ्यासाठी एसआरजीबी मोड, म्हणजे प्रमाण रंगांचा, आणि प्रकाश निम्म्याहून कमी. त्याच्यासाठी खेळाचा भडक मोड. तो बदलायला विसरला की सकाळी मुखपृष्ठाचा शेंदरी रंग लाल दिसतो, म्हणून मी बसल्या बसल्या आधी तेच बघते. या जातीच्या पडद्यावर काळा रंग अंधारात राखाडी दिसतो. रात्री दिवे घालवून खेळणाऱ्याला ते खटकेल. मला नाही.

आम्ही घेतला तेव्हा मॉनिटर २२,५०० रुपयांना पडला, टेबल ११,०००ला आणि आर्म २,८००ला. मॉनिटर पुन्हा घ्यायची वेळ आली तर याच जातीचा घेईन. फक्त दुकानातच खोकं उघडून घेईन. मेलेल्या पिक्सेलसाठी मी परत गेले तेव्हा दुकानदाराने नियम दाखवला, एवढ्यासाठी बदलून मिळत नाही. वाईट वाटलं, पण नियम मी आधी विचारायला हवा होता. त्यामुळे पैसे देण्याआधी पडदाभर पांढरा रंग लावायला सांगा, मग काळा, लाल, हिरवा, निळा. प्रत्येक रंगावर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळ धरून, प्रुफ वाचतो तसं, शेवटपर्यंत बघा.