सहा शनिवार आणि विसांची मोजणी : मेसोअमेरिकेवरील एका अभ्यासवर्गाविषयी

सदाशिव पेठेतील एका संस्थेने मेसोअमेरिकेतील, म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातील, माया, सापोतेक आणि अ‍ॅझ्टेक लोकांच्या सांस्कृतिक इतिहासावर घेतलेला सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. वेळ संध्याकाळी ६ ते ८, शुल्क २,४०० रुपये. पत्रकावर ‘गूढ’ आणि ‘लुप्त’ हे शब्द इतके ठळक छापले होते, की नाव नोंदवताना मन जरा कचरलेच होते. व्याख्यात्या बाईंनी मात्र पहिल्या दहा मिनिटांतच ‘लुप्त’ हा शब्द निकालात काढला. मेक्सिकोतील युकातानमध्ये आणि ग्वाटेमालात माया कुळातल्या भाषा बोलणारे लाखो लोक आजही शेती करतात, शाळेत जातात, निवडणुकीत मत देतात, हे त्यांनी आधी सांगितले आणि मगच पिरॅमिडांची चित्रे पडद्यावर आणली.

सर्वांत सरस ठरला तो दुसरा वर्ग, कालगणनेचा. माया लोक विसांच्या पटीत मोजत, ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शिंपला म्हणजे शून्य, एवढे कुठल्याही पुस्तकात मिळते. पण बाईंनी त्याची सुरुवात ‘तीन विसा आणि पाच’ असे वय सांगणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या माणसांपासून केली आणि वर्गातील साठीपुढच्या मंडळींचे चेहरे एकदम खुलले. मग सर्वांनी मिळून १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस मायांच्या दीर्घगणनेत, म्हणजे एका ठरावीक प्रारंभदिनापासून दिवस मोजण्याच्या पद्धतीत, मांडला. इसवी सनापूर्वी ३११४ मधील प्रारंभदिनापासून त्या दिवसापर्यंत १८,४८,१३० दिवस होतात. त्यांना आधी १,४४,००० ने, उरलेल्यांना ७,२०० ने, मग ३६० ने आणि शेवटी २० ने भागत गेल्यावर १२.१६.१३.१२.१० असे उत्तर येते. माझा पहिला भागाकार चुकला, तो शेजारच्या अकरावीतल्या मुलीने दुरुस्त केला. सर्वत्र २० ने गुणणारी पद्धत तिसऱ्या स्थानी एकाएकी १८ ने का गुणते, हा तिचा प्रश्नही मार्मिक होता. ३६० दिवसांचे, म्हणजे जवळपास वर्षाएवढे एकक मिळावे म्हणून, हे उत्तर तिने स्वतःच शोधले. २०१२ मध्ये जगबुडीची जी आवई उठली होती, तिच्यामागे दीर्घगणनेत त्या वर्षी येणारा १३.०.०.०.० हा आकडा होता. चार शिंपले ओळीने काढून पाहिले की तो गाडीचा किलोमीटरचा आकडा पलटण्यापेक्षा फारसा भयंकर वाटत नाही.

२६० दिवसांचे धार्मिक चक्र आणि ३६५ दिवसांचे वर्ष यांची जोडी १८,९८० दिवसांनी, म्हणजे ५२ वर्षांनी, पुन्हा जुळते. आपल्या प्रभवादी साठ संवत्सरांशी याची तुलना बाईंनी केली, पण ताणली नाही. एका काकांनी मयासुर आणि माया लोक यांचे नाते विचारले, तेव्हा केवळ नावाच्या सारखेपणावरून संबंध ठरत नाही, त्या प्राचीन नगरांतले लोक स्वतःला एका समान नावाने ओळखतही नसत, एवढेच शांतपणे सांगून त्या पुढे गेल्या.

चौथ्या शनिवारी बाई चुन्याच्या निवळीत शिजवून रात्रभर मुरवलेला मका डब्यात घेऊन आल्या. दाणा बोटांत चोळला की पिवळे साल बुळबुळीत होऊन सुटते, आणि ओल्या भिंतीसारखा एक वास हाताला बराच वेळ राहतो. पाट्यावर तो वाटला तेव्हाच त्याचा गोळा बांधला गेला. नुसत्या मक्याच्या पिठाला अशी चिकटाई येत नाही. चुन्यामुळे मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही, म्हणून मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाने होणारा रोग झाला, हा भाग ऐकताना हातात गोळा असल्याचा परिणाम वेगळाच होतो. मात्र मराठी श्रोत्यांपुढे मेक्सिकोच्या मक्याविषयी बोलताना, वर्ध्याचे क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोतील चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्यावर संशोधन करणारे पांडुरंग खानखोजे यांचा उल्लेखही होऊ नये, हे खटकले.

खरी तक्रार सापोतेकांची आहे. मायांना दोन वर्ग, अ‍ॅझ्टेकांना दोन, मक्याला एक. सापोतेकांच्या वाट्याला तेओतिवाकान या प्राचीन नगराबरोबर वाटून घेतलेला एकच वर्ग आला, आणि त्यातलीही वीस मिनिटे प्रोजेक्टरने खाल्ली. इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास डोंगरमाथा सपाट करून वसवलेले सापोतेकांचे नगर मोंते आल्बान घाईघाईने उरकावे असे नाही. तिथल्या तीनशेहून अधिक कोरीव शिळांना संस्थेच्या टिपणांत सरळ ‘नर्तक’ म्हटले आहे. ते जुने नाव आहे. मिटलेले डोळे, लुळे पडलेले हातपाय आणि उघडी तोंडे पाहता ही मारलेल्या बंदिवानांची चित्रे असावीत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. बाईंनी ते विचारल्यावर सांगितले, पण छापील टिपणात तेच नाव कायम आहे. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात आजही चार लाखांहून अधिक लोक सापोतेक भाषा बोलतात आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस (जन्म १८०६) त्यांच्यातलेच, हे तर राहूनच गेले.

अ‍ॅझ्टेकांच्या दोन वर्गांत १३२५ ची तेनोच्तित्लान या राजधानीची स्थापना, सरोवरात रचलेल्या वाफ्यांवरची चिनाम्पा शेती आणि १५२१ चा स्पॅनिशांच्या हातून झालेला पाडाव हे सारे व्यवस्थित, थोडे शाळेसारखे झाले. रंगत आली ती पातोल्ली या खेळाने. फुलीच्या आकाराचा, ५२ घरांचा पट आणि फाशांऐवजी खुणा केलेल्या घेवड्याच्या बिया. आपला सारीपाट आणि कवड्या आठवल्यावाचून राहत नाहीत. एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात याच साम्यावरून हा खेळ आशियातून गेला असावा, असे मांडले होते. त्यावर पुढे बरेच आक्षेप आले. आम्ही दोन डाव खेळलो आणि दोन्ही हरलो.

पुढची तुकडी दिवाळीनंतर असल्याचे कळते. जाणाऱ्यांनी टिपणांच्या भरवशावर न राहता वही न्यावी, मोंते आल्बानविषयीचे प्रश्न आधीच लिहून ठेवावेत. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि दुचाकी लावायला साडेपाचनंतर जागा मिळत नाही.