पन्हळीचा ढाळ: एकीकडे की मधून दोन्हीकडे?

कोल्हापुरात मे संपत आला की कौलं चाळणं आणि पन्हळ बघणं ही कामं निघतातच. पन्हळीला ढाळ, म्हणजे पाणी वाहून जायला उतार, साधारण दहा फुटाला पाव ते अर्धा इंच लागतो. प्रश्न असतो तो एकाच टोकाकडे द्यायचा की मध्ये उंच ठेवून दोन्हीकडे.

पेठेतल्या चिंचोळ्या घरांना वीसेक फुटांची पन्हळ असते. तिथं एकीकडचा ढाळ पुरे. उतरती पाइप एकच, खर्च कमी, आणि पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर न जाता थेट आपल्या अंगणात.

चाळीस फुटांच्या पन्हळीचं गणित मात्र बिघडतं. दहा फुटाला अर्धा इंच धरला तर शेवटचं टोक दोन इंच खाली जातं. पत्र्याची कड आणि पन्हळ यांत फट पडते आणि जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारून भिंतीवर येतं. शिवाय सगळं पाणी एकाच पाइपवर. मधून दोन्हीकडे ढाळ दिला की उतार इंचभरच राहतो, पाणीही वाटलं जातं. दुसऱ्या पाइपचा खर्च वाढतो, पण गगनबावडा, राधानगरीसारख्या धो धो पावसाच्या भागाकडं घर असेल तर माझ्या मते तो करावाच.

कसाही द्या, नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. लेव्हलच्या नळीनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) दोन्ही टोकं समपातळीत खुणावून घ्या, मग ढाळाइतकं खाली मोजून दोरी ताणा आणि दोरीवरच क्लॅम्प ठोका. शेवटी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. कुठं थांबलं ते लगेच दिसतं.